आद्याक्षरं आधी की नंतर? आर्थर गिलिगनची ‘हौशी’ कारकीर्द

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली इंग्लिश काउंटीची, म्हणजे तिकडच्या परगण्यांच्या संघांची, जुनी क्रिकेट स्कोअरकार्डं चाळताना काही खेळाडू ‘अमॅच्युअर’ असल्याचं कळतं. अमॅच्युअर म्हणजे हौशी. मग हौशी माणूस मे ते ऑगस्ट जवळजवळ रोज क्रिकेट खेळायचा कसा, त्याचं पोट कशावर चालायचं, आणि बहुतेक कर्णधार नेमके हेच कसे? एखाद्याची कारकीर्द धरून सांगा, असं तू म्हणालास.

पस्तीस वर्षं मैदानावर स्कोअरिंग केलं, त्यामुळे मला माणसापेक्षा त्याची वही आधी दिसते. म्हणून वहीपासूनच सुरुवात करतो.

आधी तो ‘हौशी’ शब्द बाजूला ठेव. आपल्याकडे हौशी म्हटलं की ऑफिस सुटल्यावर तालमीला धावणारा, राज्य नाट्य स्पर्धेसाठी रजा साठवून ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमध्ये अमॅच्युअर हा वेळेचा प्रश्न नव्हताच. तो दर्जा होता, जवळजवळ जातच म्हण. चांगल्या शाळेत शिकलेला, शक्यतो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला गेलेला, खेळण्याचे पैसे न घेणारा तो ‘जंटलमन’. खेळून पगार घेणारा तो ‘प्लेअर’. दोघं एकाच संघात, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. लॉर्ड्सवर तर मैदानात उतरण्याची फाटकंही वेगळी. व्यावसायिकाने हौशाला ‘मिस्टर’ म्हणायचं, हौशाने त्याला नुसतं आडनावाने हाक मारायची.

हीच अहो-जाहो आणि अरे-तुरे स्कोअरकार्डावर छापली जायची. हौशी असेल तर आद्याक्षरं आडनावाच्या आधी: ए. ई. आर. गिलिगन. व्यावसायिक असेल तर नुसतं ‘टेट’, फार तर ‘टेट, एम. डब्ल्यू.’. दुसऱ्या महायुद्धानंतरसुद्धा लॉर्ड्सवर एकदा ध्वनिक्षेपकावरून गंभीर आवाजात दुरुस्ती सांगण्यात आली, की कार्डावर ‘एफ. जे. टिटमस’ छापलंय ते ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. आमच्याकडे नो-बॉलची खूण चुकली तरी कुणी एवढा गवगवा करत नाही.

तर आर्थर गिलिगन. त्यालाच का निवडला? एक तर तो ससेक्सचा कर्णधार होता, इंग्लंडचाही झाला, पण इंग्लंडच्या अगदी थोर खेळाडूंत कुणी त्याला धरत नाही. म्हणजे नमुना म्हणून बरोबर मापाचा. आणि दुसरं, तो आपल्या आझाद मैदानाच्या टोकाला असलेल्या बॉम्बे जिमखान्यावर येऊन खेळून गेलाय. त्याकडे नंतर येतो.

जन्म २३ डिसेंबर १८९४, लंडनच्या दक्षिण भागात डेन्मार्क हिलला. शाळा डलिच कॉलेज. तीन भाऊ: फ्रँक, आर्थर, हॅरल्ड. तिघंही पुढे प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. आर्थर केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेला आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. लँकेशायर फ्युझिलिअर्समधून तो लढला. म्हणजे वेगवान गोलंदाजाची वीस ते चोवीस ही वर्षं खंदकात गेली. त्या पिढीतल्या कुणाचीही आकडेवारी वाचताना हे आधी मनात धरायचं. रकान्यात कोरी जागा दिसते, पण ती विश्रांतीची नसते.

१९१९ मध्ये परत येऊन तो केंब्रिजकडून खेळू लागला. होव्हला ससेक्सविरुद्धच्या सामन्यात हा अकराव्या क्रमांकावर आला आणि १०१ धावा काढून गेला! जॉन नॉमनबरोबर शेवटच्या विकेटसाठी १७७ धावा, आणि त्याही ६५ मिनिटांत. अकराव्या नंबरची शतकं प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात मोजकी आहेत. मी स्वतःच्या हाताने वहीत एकही लिहिलेलं नाही. अकरावा आला की स्कोअरर मनातल्या मनात बेरजेला लागतो.

त्याच वर्षी तो सरेकडून तीन सामने खेळला आणि १९२० पासून ससेक्सचा झाला. ज्या मैदानावर ते शतक ठोकलं तेच घर झालं. १९२२ मध्ये तो ससेक्सचा कर्णधार झाला आणि १९२९ पर्यंत राहिला.

आता तुझा ‘कर्णधार हेच कसे’ हा प्रश्न. उत्तर सरळ आहे: नियम लिहिलेला नव्हता, पण काउंटीचा कर्णधार हौशीच असायचा. संघात दहा व्यावसायिक त्याच्यापेक्षा सरस असले तरी. युक्तिवाद असा, की ज्याची रोजीरोटी खेळावर नाही तो निर्भयपणे डाव घोषित करू शकतो, जोखीम घेऊ शकतो, आणि दहा कामगारांवर हुकूम चालवायला वरच्या वर्गातला माणूस लागतो. पहिल्या भागात थोडं तथ्य असेलही. दुसरा भाग म्हणजे निव्वळ त्या समाजाची सवय. याचा परिणाम काय, तर अनेक काउंट्यांना दर वर्षी कर्णधारासाठी असा माणूस शोधावा लागायचा ज्याच्याकडे पैसा आणि चार महिने मोकळा वेळ दोन्ही आहे. खेळता येत असेल तर सोन्याहून पिवळं.

गिलिगनला खेळता येत होतं. खरं तर १९२२ ते १९२४ या तीन उन्हाळ्यांत इंग्लंडमध्ये त्याच्यासारखा वेगवान गोलंदाज शोधावा लागला असता. १९२२ मध्ये १३५ विकेट. १९२३ मध्ये १६३ विकेट आणि ११८३ धावा. शंभर विकेट आणि हजार धावा याला तिकडे ‘डबल’ म्हणतात. काउंटीच्या अष्टपैलूची ती पदवी परीक्षा. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने १९२४ च्या अंकात निवडलेल्या वर्षातल्या पाच खेळाडूंत तो होता, आणि त्याच पाचांत मॉरिस टेटही होता.

टेटबद्दल सांगितल्याशिवाय गिलिगन पुरा होत नाही. टेट ससेक्सचा व्यावसायिक, त्याचा बापही ससेक्सचा गोलंदाज. टेट आधी ऑफस्पिन टाकायचा. गिलिगन कर्णधार झाला त्याच वर्षी तो वेगाकडे वळला आणि खेळपट्टीवर पडल्यावर चेंडू जास्तच जोरात येतो असं वाटायला लावणारा गोलंदाज झाला. एका टोकाने ‘मिस्टर’, दुसऱ्या टोकाने ‘टेट’. १९२४ च्या उन्हाळ्यात या दोघांनी ओव्हलवर सरेला ५३ धावांत आणि लॉर्ड्सवर मिडलसेक्सला ४१ धावांत गुंडाळलं.

आणि मग एजबॅस्टन. १९२४ चा जून, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिली कसोटी, गिलिगन प्रथमच इंग्लंडचा कर्णधार. आफ्रिकेचा कर्णधार हर्बी टेलरने नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली. इंग्लंडने ४३८ केले. त्यानंतरचं पान मी शिकाऊ स्कोअररना नेहमी काढायला लावतो, तूही काढ. गोलंदाजांच्या रकान्यात दोनच नावं. गिलिगन: ६.३ षटकं, ४ निर्धाव, ७ धावा, ६ विकेट. टेट: ६ षटकं, १ निर्धाव, १२ धावा, ४ विकेट. त्यातली टेटची पहिली विकेट त्याच्या कसोटी कारकिर्दीतल्या पहिल्याच चेंडूवर. आता ताळा कर: ७ अधिक १२ म्हणजे १९. अवांतर ११. एकूण ३०. डाव ७५ चेंडूंत संपला, आणि सगळ्यात जास्त धावा अवांतरच्या. टेलरच्या ७ धावा ही फलंदाजांतली सर्वोच्च. फॉलोऑननंतर आफ्रिकेने ३९० पर्यंत झुंज दिली, पण गिलिगनने आणखी ५ विकेट काढल्या. सामन्यात ९० धावांत ११. इंग्लंड एक डाव १८ धावांनी जिंकलं.

त्या सामन्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील. जुलैच्या सुरुवातीला ओव्हलवर जंटलमन विरुद्ध प्लेअर्स, म्हणजे हौशी विरुद्ध व्यावसायिक. वूस्टरशायरच्या फ्रेड पीअर्सनचा एक चेंडू उसळून गिलिगनच्या छातीवर, हृदयाच्या अगदी वर बसला. आज फिजिओ धावत आला असता, पाच मिनिटांत माणूस रुग्णालयात असता. गिलिगनने काय केलं? जंटलमनवर फॉलोऑन आला होता. हा दुसऱ्या डावात पुन्हा फलंदाजीला गेला आणि तडाखेबंद ११२ धावा काढल्या. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं, की ती मोठी चूक झाली. त्यानंतर तो पूर्वीच्या वेगाने कधीच गोलंदाजी करू शकला नाही.

इथे जरा थांब आणि त्याचे एकूण आकडे बघ: प्रथम श्रेणीत ८६८ विकेट आणि ९१४० धावा, बारा शतकं. वरवर पाहता लांबलचक, भरघोस कारकीर्द. पण त्यातल्या निम्म्याच्या आसपास विकेट तीनच उन्हाळ्यांतल्या आहेत. आधी युद्ध, नंतर तो एक चेंडू. मधल्या तीन वर्षांचा गोलंदाज आणि बाकीच्या काळातला गोलंदाज ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि सरासरी ती दोघांना एकत्र करून तिसराच कुणी दाखवते.

त्याच्या दुखापतीमुळे एक गंमत झाली, ती सांगून टाकतो. त्या मालिकेतल्या ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत गिलिगन नव्हता, जॉनी डग्लस कर्णधार होता. पावसाने सामना पहिल्या दिवशीच आटोपला. त्यात सॉमरसेटचा हौशी फलंदाज जॅक मॅकब्रायन पहिल्यांदा इंग्लंडकडून उतरला. फलंदाजी मिळाली नाही, गोलंदाजी नाही, झेलही नाही. पुढे परत निवड नाही. त्याची कसोटी कारकीर्द म्हणजे वहीत फक्त नाव.

तरी १९२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर कर्णधार गिलिगनच. आपण ज्याला काळ म्हणतो तो इथे दिसतो: छातीला मार बसलेला, पूर्वीचा वेग गमावलेला माणूस, पण संघात जॅक हॉब्ज आहे म्हणून हॉब्जला कर्णधार करावं असं निवडणाऱ्यांच्या मनालाही शिवत नाही. हॉब्ज जगातला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज, पण आद्याक्षरं आडनावाच्या चुकीच्या बाजूला. लँकेशायरचा गोलंदाज सेसिल पार्किन हा तोंडाळ. आधी एजबॅस्टनला आपल्याला नीट गोलंदाजी दिली नाही म्हणून त्याच्या नावाने वर्तमानपत्रात लेख आला होता आणि तो इंग्लंडच्या संघाला कायमचा मुकला. आता त्याने लिहिलं, की नेतृत्व हॉब्जकडे द्या. त्यावर यॉर्कशायर क्लबच्या वार्षिक सभेत त्यांचे जुने कर्णधार लॉर्ड हॉक उद्गारले, की इंग्लंडचा कर्णधार कधी व्यावसायिक होऊ नये अशी देवाकडे प्रार्थना आहे. हे वाक्य आजही लोक उगाळतात. ते ज्या वादात निघालं त्याच्या मध्यभागी गिलिगन होता, हे मात्र विसरलं जातं.

मालिका इंग्लंडने ४-१ अशी गमावली. पण नुसता निकाल बघू नकोस. ॲडलेडची कसोटी फक्त ११ धावांनी गेली, आणि त्यात गिलिगनला मांडी दुखावून मध्येच मैदान सोडावं लागलं. मेलबर्नची चौथी कसोटी इंग्लंडने डावाने जिंकली; १९१२ नंतर ऑस्ट्रेलियावर मिळवलेला हा पहिला विजय. टेटने मालिकेत ३८ विकेट काढल्या. गिलिगन तिकडे लोकांना आवडला. हसतमुख, मिड-ऑफला जीव तोडून क्षेत्ररक्षण करणारा, भाषणं छान ठोकणारा. हौशी कर्णधाराकडून निम्मं काम हेच अपेक्षित असायचं: मेजवान्या, महापौर, भाषणं.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळात गिलिगन ‘ब्रिटिश फॅसिस्ट्स’ या संघटनेचा सभासद होता. त्या संघटनेच्या पत्रात त्याने क्रिकेट दौरे आणि फॅसिझम यावर लेखही लिहिला. ऑस्ट्रेलियन सरकारच्या तपास यंत्रणेला लंडनहून याची खबर होती. इटलीच्या कौतुकात तेव्हा वरच्या वर्गातली बरीच मंडळी होती, म्हणून हे माफ होत नाही. हसरा चेहरा आणि हे पत्रक, दोन्ही एकाच माणसाचं.

आता पैसा. हौशांना पगार नसे, पण ‘खर्च’ मिळे: रेल्वे, हॉटेल, वरखर्च. हा खर्च किती आणि कशाकशाचा, यावर व्यावसायिकांच्या खोलीत कायम कुजबुज चालायची, कारण काहींचा खर्च पगारापेक्षा जड असायचा. गिलिगनच्या मागे घरचा व्यापार होता. सरेचा पर्सी फेंडर वाइनचा व्यापारी, सॉमरसेटचा जॅक व्हाइट शेतकरी. त्याला टोपणनावच ‘फार्मर’. शाळामास्तर उन्हाळी सुट्टीत, म्हणजे ऑगस्टात, संघात यायचे आणि मे-जूनमध्ये घाम गाळलेल्या एखाद्या पोटार्थी फलंदाजाला बाहेर बसावं लागायचं. त्याचे सामन्याचे पैसे बुडाले, कारण मास्तरांची सुट्टी सुरू झाली! १९३० च्या मंदीनंतर चार महिने फुकट खेळू शकणारे घटत गेले, तशी काउंट्यांनी पळवाट काढली: खेळण्याचा पगार नाही, पण चिटणीस म्हणून पगार. आपल्याकडे बँका आणि कंपन्यांच्या संघांत नोकरी म्हणजे नेट्स आणि टाइम्स शील्ड असायची, ते तुला ठाऊकच आहे. कागदावर कारकून, कामावर फलंदाज. आपण ते उघड केलं, त्यांनी पडद्यामागून.

कळस म्हणजे वॉली हॅमंड. ग्लॉस्टरशायरचा व्यावसायिक, त्या काळातला इंग्लंडचा सर्वोत्तम फलंदाज. त्याला एका टायर कंपनीत संचालकपद मिळालं, त्याने हौशी होत असल्याचं जाहीर केलं, आणि १९३८ मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार झाला. तोच माणूस, तोच कव्हर ड्राइव्ह. स्कोअररला फक्त आद्याक्षरं उचलून पुढे आणावी लागली.

आता आपला जिमखाना. १९२६-२७ च्या हिवाळ्यात एमसीसीचा, म्हणजे लॉर्ड्सवरच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचा, संघ हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आला, कर्णधार गिलिगन. तीसहून जास्त सामने, एकही हरले नाहीत. पण लक्षात राहिला तो बॉम्बे जिमखान्यावरचा ‘हिंदूज’ या संघाविरुद्धचा सामना. एमसीसीच्या गाय अर्लने आधी १३० धावा झोडल्या, आठ षटकारांसह. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर १९२६ ला, सी. के. नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ केले. अकरा षटकार. गोष्ट सांगणारे त्या दिवशी कुठल्या छपरावर किती जण चढले होते ते सांगतात. मला कौतुक त्या दिवशी पेन्सिल धरलेल्या माणसाचं. एमसीसीने नायडूंना चांदीची बॅट दिली.

त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थान संघाकडून प्रा. दि. ब. देवधरांनी १४८ केले आणि आपल्या संघाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. देवधर चौतीस वर्षांचे, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. शिकवायचं, सुट्टी काढायची, खेळायचं, परत शिकवायला यायचं. तुझ्या डोक्यातला ‘हौशी’ शब्द गिलिगनपेक्षा त्यांना चपखल बसतो.

गिलिगनने इथे एक काम मात्र मनापासून केलं. दिल्लीच्या रोशनारा क्लबात १९२७ च्या फेब्रुवारीत पतियाळाचे महाराज, ग्रँट गोवन आणि अँटनी डिमेलो यांच्यासोबत बसून त्याने सांगितलं, की तुमचे खेळाडू कसोटीच्या तोडीचे आहेत, देशभराची एक संघटना उभी करा, मी लंडनला शब्द टाकतो. डिसेंबर १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ, म्हणजे बीसीसीआय, स्थापन झालं आणि १९३२ मध्ये नायडूंच्या नेतृत्वाखाली आपण लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळलो. सगळं श्रेय त्याचं नाही, पण बीसीसीआयच्या जन्मपत्रिकेत या ससेक्सच्या कर्णधाराचं एक घर आहे.

पुढचं झटपट. १९२९-३० च्या न्यूझीलंड दौऱ्याचं नेतृत्व त्याला दिलं होतं, तब्येतीने घात केला, धाकटा भाऊ हॅरल्ड कर्णधार म्हणून गेला. ससेक्सचं कर्णधारपदही १९३० मध्ये हॅरल्डकडे गेलं आणि १९३१ मध्ये दुलीपसिंहजींकडे. तेही हौशीच, क्षयामुळे १९३२ मध्ये त्यांचं क्रिकेट सत्ताविसाव्या वर्षी थांबलं. गिलिगनही १९३२ मध्येच थांबला. मग पत्रकारिता, ऑस्ट्रेलियन रेडिओवर समालोचन, गोल्फ. १९६२ च्या नोव्हेंबरात हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द झाला. १९६७-६८ मध्ये गिलिगन एमसीसीचा अध्यक्ष होता. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि इंग्लंडकडून खेळणाऱ्या कृष्णवर्णीय बेसिल डॉलिव्हेराला दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून वगळल्याचा गदारोळ झाला तो त्याच कारकिर्दीत. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये ससेक्समधल्याच पलबरो इथे तो वारला.

होव्हच्या मैदानावर एका स्टँडला गिलिगनचं नाव दिलं होतं. टेटच्या नावाचीही तिथे एक वास्तू आहे: मुख्य प्रवेशाची फाटकं.